सर्व्हर बंद न करता

आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. करडीची असेल तर करडीवाली, कोंढ्याची असेल तर कोंढेवाली. बाई म्हातारी झाली तरी माहेर तिला चिकटून असते. मी मोहाडीवाली.

म्हणून भजनी मंडळातल्या आम्हा बायांची वेबसाईट करायची ठरली तेव्हा माझी पोरगी म्हणाली, प्रत्येकीचं पान तिच्या माहेराच्या नावानं ठेवू. पत्त्यापुढे करडी लिहिलं की करडीवालीचं पान उघडेल, त्यात तिच्या आईची गोळाभाताची रीत अन् तिकडची गाणी. पोरगी लग्न होऊन बंगलोरला गेली, तिथं कॉम्प्युटरच्या कामात आहे. जाताना जुना लॅपटॉप मला देऊन गेली होती. मी सातवी शिकलेली, फोनवर व्हिडिओ पाहून पाहून त्यात बोटं घालायला लागले.

कोणतं नाव आलं की कोणतं पान उघडायचं, हे सांगणाऱ्या ओळीला रूट म्हणतात. मी वाट म्हणते. सुरुवातीला प्रत्येक वाट पोरगीच तिकडून लिहायची, अन् लिहिली की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. मंडळात नवी सून आली की मी पोरीला तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावायची.

"पोरी, अजून एक माहेर आलं."

"थांब आई, बंद करून चालू करते."

तो चालू होईपर्यंत आम्ही बोलायचो. जेवली काय, भाजी कोणती, केस अजून गळतात काय. सर्व्हर लवकर सुरू झाला की मला करमायचं नाही.

मग तिचं काम वाढलं. एक दिवस म्हणाली, "आई, दरवेळी बंद-चालू कायले पाहिजे? चालू प्रोग्राममध्येच नवी वाट जोडता येते. शिकवते तुले."

मला हे लवकर समजलं, त्याला कारण आहे. धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी चालू असताना उशिरा आलेली बाई चिखलाच्या बांधीत कशी शिरते? कोणी हातातली पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी खाली ठेवत नाही, गाणं थांबत नाही. दोघी जरा सरकतात अन् तिला जागा होते. तसंच हे. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. एक चौकोन केला. त्यात गावाचं नाव टाकून बटण दाबलं की चालू सर्व्हर ते नाव आपल्या वाटांमध्ये घेतो, अन् पान तेव्हाच उघडते.

लगेच घोळ झाला. करडीवाल्या आमच्याकडे दोन, एकमेकींच्या जावा. धाकटीनं आपलं माहेर टाकलं अन् पान उघडलं थोरलीचं. एकाच नावाच्या दोन वाटा झाल्या तर प्रोग्राम आधी जोडलेलीच धरतो. धाकटी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काकी, घरात हिचं चालते ते चालते. आता माझ्या माहेराच्या वाटेनं गेलं तरी हीच दारात उभी."

थोरली तिथंच तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? करडीहून आधी कोण आलं होतं?"

नाव आधीच असेल तर पुढे 'धाकटी' जोडायचं, असं मी लिहून टाकलं. कोणाला न विचारता. खूश होऊन पोरीला सांगितलं, तर ती हसत म्हणाली, "आता तुले माझी गरजच नाही."

अन् झालंही तसंच. माहेरं येत राहिली, वाटा जुळत राहिल्या, फोन लावायला कारण उरलं नाही. उगाच लावला तर "आई, मीटिंगमध्ये आहे." दुपारी जेवण झालं की मी फोन मांडीवर घेऊन बसायची.

मागच्या महिन्यात तिचाच फोन आला.

"आई, मी माझं माहेर टाकलं, तर 'वाट नाही' असं येऊन राहिलं."

खरंच की. साऱ्या आसपासच्या गावांची पानं होती, आमच्याच गावाचं नव्हतं. आम्हा साऱ्या बायांचं ते सासर. ते कोणाचं माहेर पण आहे, हे मला सुचलंच नाही.

"तूच जोड न," मी म्हटलं. "तुले तर येते."

"आपलं माहेर आपणच जोडाचं काय? तू जोड."

मी चौकोनात नाव टाकलं. बटणावर बोट ठेवलं, अन् म्हटलं, "थांब जरा. सर्व्हर बंद करून चालू करावा लागते."

ती हसली. "आई, ते आता लागत नाही."

"लागते. जुना लॅपटॉप आहे. जेवली काय तू?"

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाही अजून. डबा उघडून बसली आहे. मेथी आहे. होऊ दे तुझं सावकाश."

बटण मी बऱ्याच वेळानं दाबलं. पान उघडलं, तिच्याकडे अन् माझ्याकडे. त्यात काहीच लिहिलेलं नाही, दिवाळीत येईन तेव्हा लिहीन म्हणते. रोज दुपारी मी ते एकदा उघडते. कोरंच असते. वाट चालू आहे तेवढं पाहते अन् लॅपटॉप मिटते.