आश्रिताची पावती

सहदेव धुरी या माणसाने आयुष्यात दोन तत्त्वं पाळली. सोमवारी मटण खायचं नाही आणि भाडेकरूला पावती द्यायची नाही. पहिलं तत्त्व तो पाहुणे आले की मोडायचा. दुसरं त्याने एकाच माणसाच्या बाबतीत मोडलं, आणि ते माणूस म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको वनमाला.

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर धुऱ्यांची बैठी चाळ होती. चार खोल्या, वर कौलं, मागे नाला. सासऱ्यांनी, म्हणजे धोंडू धुऱ्यांनी, गिरणीतून निघताना मिळालेल्या पैशांत ती बांधली. दोन्ही मुलांच्या नावावर करायचं राहून गेलं, कारण मृत्युपत्राचा विषय निघाला की म्हातारा ताटावरून उठायचा. थोरला सहदेव मुंबईत, धाकटा जयवंत पलटणीत. जो जागेवर, त्याची जागा.

दोन खोल्या सहदेवाने अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर लावल्या होत्या. मुदत भरली की भाडेकरूने सामान अंगणात काढायचं, एक रात्र तिथेच झोपायचं आणि सकाळी नव्या कागदावर सही करून परत आत जायचं, असा त्याचा विधी होता. "पावती दिली की भाडेकरू जावई होतो," तो म्हणे. "जावई तरी सणापुरता येतो आणि जातो."

सत्त्याऐंशी साली जयवंतची पलटण लंकेला गेली आणि देवळालीचं क्वार्टर रिकामं करावं लागलं. वनमाला दोन मुलं आणि नवऱ्याचं नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक घेऊन भटवाडीत आली. "दादा आहे ना," जयवंत निघताना म्हणाला होता. "आपलंच घर आहे." पलटणीत माणसाला शत्रू ओळखायला शिकवतात. भाऊ ओळखण्याचा वर्ग नसतो.

दादाने तिला नाल्याकडची खोली दिली. तिथे तोवर सिमेंटची पोती आणि गणपतीचं मखर राहत होतं. मखर पुढे नेऊन नीट ठेवलं गेलं. पोती राहिली.

लढाईवर गेलेल्या जवानाने कुटुंब बाहेर ठेवलं तर सरकार घरभाड्यापोटी भत्ता देई. पण सरकारला 'आपलंच घर' ही भानगड कळत नाही. जयवंतच्या कचेरीने भाड्याची पावती मागितली. सहदेवाने लगेच छापील पुस्तक आणलं. भत्ता येई तो सगळा भाडं म्हणून त्याच्या हातात, आणि पावती वनमालाच्या हातात. रेव्हेन्यू स्टॅम्पावर आडवी सही, खाली 'मालक'.

"दादा, आपण तर कुणाला पावती देत नाही ना?" तिने पहिल्या महिन्यात साधेपणाने विचारलं होतं.

"अगं, तू काय भाडेकरू आहेस? घरातली बाई तू. कचेरीला दाखवायला कागद लागतो, बस."

वनमालाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळा भत्ता जातोय, तर जावो. डोक्यावर कौलं होती, मुलांना शाळा मिळाली होती. वर्षभर ती पहाटे नळावर सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली आणि सगळ्यांच्या शेवटी जेवली. कुणाबद्दल ब्र काढला नाही.

मग गणपती आले. दुपारी पंगत बसली होती. वनमाला काळ्या वाटाण्याचं सांबार वाढत होती. गावाकडच्या एका पाहुण्याने विचारलं, "ही जयवंताची ना? हयच असता?"

"असते म्हणजे काय, आश्रित," सहदेव म्हणाला. "पोसतोय. भाऊ बंदूक घेऊन फिरतोय आणि बायको-पोरं आमच्या ताटात. फौजी माणसाची बायको म्हणजे फलाटावरचा बोजा हो. ज्याला दया आली त्याने उचलायचा."

पंगत हसली. वनमालाचा थोरला पोरगा पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याने हातातला मोदक परत पानात ठेवला. वनमालाने ते पाहिलं, आणि पळी भरून सहदेवाच्या पानात सांबार वाढलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. तो सांडला असता तर सहदेवाचं पुढचं बरंच टळलं असतं.

समोरच्या चाळीत सुंदराबाई राहायची. विधवा, मूळची मालवणची, आणि घरमालकाशी तिची कोर्टात इतकी वर्षं केस चालू होती की त्यावर तिची तब्येत उत्तम राहिली होती. संध्याकाळी वनमाला तिच्या दारात जाऊन बसली.

"रडतंस कित्याक गो?" सुंदराबाई तांदूळ निवडत म्हणाली. "अर्धी चाळ तुझ्या घोवाची. वाटणी माग."

"ते दादांवर केस करायचे नाहीत. मेले तरी."

"मगे भाडा तरी कित्याक देतंस?"

"कचेरीला पावती लागते म्हणून."

सुंदराबाईचा हात सुपात थांबला. "पावती? सहदेव पावती देता? कोणाच्या नावान?"

"माझ्या."

"भाडा म्हणान?"

"हो. स्टॅम्प लावून."

सुंदराबाई इतकी हसली की सुपातले तांदूळ अंगणात गेले. "गो बाय माझे! आश्रित म्हणतल्यान तुका भाडेकरू केल्यान! आता तो ब्रह्मदेव घेऊन येवंदे, तुका कोण काढता ता बघूया."

"मग मी काय करू?"

"काय्येक नको. गप रव. आणि पावती घेत रव."

गप राहणं वनमालाला येत होतं. आता त्याला अर्थ आला. ती गोड झाली. दर महिन्याला दोन्ही हातांनी भाडं द्यायची. "दादा, त्यांना खोलीचा नंबरपण लागतो हं." पुढच्या महिन्यात, "'निवासासाठी' असं लिहा म्हणतात." सहदेव लिहायचा. सरकारी माणसांना शिव्या घालत, वळणदार अक्षरात लिहायचा. रेशनकार्डही तिने त्याच खोलीच्या पत्त्यावर करून घेतलं. जाऊ रुक्मिणी एकदा म्हणाली, "तू हल्ली फार हसतेस गं." वनमाला म्हणाली, "घर लागलं ना अंगाला, वैनी."

पुढच्या उन्हाळ्यात एक भांड्यांचा व्यापारी नाल्याकडच्या खोलीला चांगली पागडी द्यायला तयार झाला. सहदेव वनमालाच्या दारात आला. मागे रुक्मिणी होती.

"पोरांच्या परीक्षा झाल्या ना? आता गावाला जाऊन राहा. जयवंत आला की बघू."

"ते लंकेत आहेत, दादा."

"मग? तो काय माझ्या खोलीत लढतोय?"

"नाही. खोली तुमचीच. मालक तुम्ही," वनमाला म्हणाली. "मी भाडेकरू."

"कसली भाडेकरू? तुला पोसली मी!"

"पोसलीत त्याचं भाडं घेतलंत. पावतीपण दिलीत. बाहेरच्या कुणाला देत नाही तुम्ही. घरातल्या बाईचा तेवढा मान राखलात."

"वाट लागली," रुक्मिणी मागून हळूच म्हणाली. आवाजात दुःख म्हणावं असं फार नव्हतं.

सहदेव वकिलाकडे गेला. वकिलाने पावत्यांचं पुस्तक चाळलं. "सही कुणाची?" "माझी." "मग माझ्याकडे कशाला आलात?"

आता एकच उपाय उरला. भाडं थकलं की तिला काढता येईल, म्हणून सहदेवाने भाडं घेणंच बंद केलं. त्यावर सुंदराबाईकडे उत्तर तयार होतं: मनिऑर्डर. नाकारली तरी पोस्टाचा पुरावा उरतो. वनमाला दर महिन्याला चढ उतरून पोस्टात जायची. दुसऱ्या दिवशी पोस्टमन चढ चढून तिच्याच शेजारच्या दारावर थाप मारायचा. सहदेव नाकारायचा, पण नाकारण्याआधी कुपनावरचा मजकूर त्याला ऐकावा लागे, कारण पोस्टमन तो मोठ्याने वाचून दाखवायचा. 'भाडे स्वीकारावे. आपली आश्रित, वनमाला.' चाळीतली माणसं त्या दिवशी दात घासायला बाहेर ओट्यावर बसायची.

वर्ष सरता सरता जयवंत परतला. बेळगावला बदली, नवं क्वार्टर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चल ना, सोडून दे खोली," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचीय? शेवटी दादा आहे."

"आहेत ना. म्हणूनच."

जयवंतने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय सोडला. ज्याने सुरुंगांच्या वाटा तुडवल्यात त्याला पाऊल कुठे टाकू नये ते कळतं.

बेळगावचं क्वार्टर ऐसपैस होतं. अंगणात पेरूचं झाड होतं. पण खोली सहा महिने बंद राहिली तर हक्क जातो, असं सुंदराबाईने बजावलं होतं. म्हणून वनमाला सहा महिने कधी होऊ देत नसे. मुलांना नवऱ्यापाशी ठेवून रात्रीच्या एसटीने येई. खोलीत सिमेंटची पोती अजून होती. आता दगड झालेली.

मधल्या काळात सहदेवाने गळ्यात माळ घातली. मासळी बंद, घरात कांदासुद्धा बंद. शत्रूने चिंता दिली की माणूस देवाकडे जातो. वनमालाला ही बातमी रुक्मिणीनेच कळवली, आणि ताजा बांगडा कुठे मिळतो तेही.

त्या खेपेला ती एसटीतून उतरून आधी बाजारात गेली. खोली उघडली, झाडली, स्टोव्ह पेटवला. चाळीतल्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत. वर हातभर फट असते. तव्यावर तेल तापलं. मिरची आणि कोकमाचं आगळ लावलेला पहिला बांगडा चरचरला, आणि धूर सरळ वर जाऊन फटीतून पलीकडे उतरला.

पलीकडून खोकला ऐकू आला. मग खिडकी आपटल्याचा आवाज.

"दादा, जेवलात?" वनमालाने विचारलं.

तिने बांगडा परतला. खायला ती एकटीच होती; एकात भागलं असतं. पिशवीत अजून पाच होते.