पुलापलीकडचा पत्ता

मेल्विन लुओमाने एकतीस वर्षं आयर्नवुडच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला. आयर्नवुड मिशिगन राज्यात. गावाच्या कडेने नदी वाहते, पुलापलीकडे हर्ली गाव, ते विस्कॉन्सिनमध्ये. राज्यांची हद्द पुलाच्या मधोमध. मेल्विनचा ट्रक हद्दीपाशी आला की तो पुढचं लोखंडी पातं उचलायचा, तसाच रिकामा पलीकडे जाऊन ट्रक वळवायचा आणि हद्दीवर परतला की पातं पुन्हा टेकवायचा. हद्दीवर बर्फाचा गुडघाभर बांध राहायचा. तो हर्लीवाल्यांनी काढायचा.

त्याची धाकटी बहीण इर्मा हर्लीतच दिली होती, पुलापासून तिसऱ्या घरात. तिचा नवरा आल्डो झानेला हातात फावडं घेऊन दारातूनच ओरडायचा, "अरे मेव्हण्या, दहा फूट पुढे ये की! बहिणीच्या दारापर्यंत तरी!"

मेल्विन काच खाली करून सांगायचा, "रेषेपलीकडचा बर्फ आमचा नाही."

यात त्याला चेष्टा वाटत नसे. ज्याचं त्याने करावं, दुसऱ्याच्यात हात घालू नये, एवढ्या एका नियमावर त्याने नोकरी केली आणि संसारही केला. निवृत्तीनंतर मात्र गुडघ्यांनी हिशेब मागितला. आयर्नवुडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक पिवळी गोळी लिहून दिली, रोज एक, नाश्त्यानंतर. आल्डोचाही खांदा खाणीच्या कामाने गेला होता. तोही त्याच डॉक्टरांकडे गेला आणि त्यालाही तीच गोळी मिळाली. दोघं एकाच दिवशी, एकाच दुकानातून डब्या आणायचे. "देवाने पाठवलीय रे ही," आल्डो म्हणायचा. गोळीने दुखणं खरोखर थांबत होतं.

दोन हजार दोनमध्ये मेल्विनची बायको आर्डिस गेली. त्या हिवाळ्यात इर्माने भावाचं सामान उचललं आणि आपल्या माडीवर नेऊन ठेवलं. आयर्नवुडचं घर बंद झालं. पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून पाणी काढून टाकलं, फ्रीजचं दार उघडं ठेवलं. मेल्विन हर्लीत झोपायचा, हर्लीत जेवायचा, शनिवारी आल्डोने बांधलेल्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बसायचा. पत्ता मात्र त्याने बदलला नाही. कारण हरणाच्या शिकारीचा परवाना.

पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते, त्या दिवशी मिशिगनच्या या टोकाला शाळासुद्धा बंद असतात. राज्यातल्या माणसाला परवाना अगदी किरकोळ पैशांत मिळतो, बाहेरच्याला जवळजवळ दसपट. आणि मेल्विनची जंगलातली खोपटी, त्याच्या वडिलांनी बांधलेली, मिशिगनच्या बाजूला होती. तिथे परका म्हणून जायचं? त्याच्या जिवावर आलं. तो दर वर्षी डॉटच्या बंदुकांच्या दुकानात जायचा. परवान्यावर बारीक अक्षरात छापलेलं असायचं, मी या राज्याचा रहिवासी आहे, हे खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र. तो सही करायचा. खालची ओळ त्या गावात कोणी वाचत नाही. निम्मी हर्ली अशाच सह्यांवर शिकार करते.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, इर्माच्या स्वयंपाकघरात कॉफीचा मग त्याच्या हातून पडला. तो उचलायला वाकला आणि वर आलाच नाही. मेंदूत गुठळी. उजवा हात कायमचा गेला, उजवा पाय ओढत चालावं लागलं. त्याच उन्हाळ्यात टोमॅटोच्या वाफ्यात आल्डोला हृदयाचा झटका आला. तो वाचला. आणि शरद ऋतूत बातमी आली की कंपनीने पिवळी गोळी बाजारातून मागे घेतली. पुढे वर्तमानपत्रांत कंपनीच्या आतली पत्रं छापून आली. गुठळ्यांचं त्यांना चार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. एका पत्रात गोळी विकणाऱ्यांसाठी लिहिलं होतं, डॉक्टरांनी हा विषय काढल्यास बोलणं दुसरीकडे वळवावं.

ते पत्र मेल्विनने डाव्या हाताने कापून ठेवलं. वळवणं हा शब्द त्याच्या ओळखीचा होता, एकतीस वर्षं तो पुलावर ट्रक वळवत आला होता. त्याला फक्त एक हवं होतं. पत्र लिहिणाऱ्या माणसाने कोर्टात उभं राहावं आणि त्याच्या हाताकडे बघत ते वाचावं.

मिलवॉकीहून हाफेमान नावाच्या वकीलबाई आल्या. इर्माच्या टेबलावर त्यांनी नीट समजावलं. डॉक्टरांवर दावा चालणार नाही, कारण त्यांनाही अंधारात ठेवलं होतं. सरकारी औषध खात्याकडे तक्रार करता येते, पण त्यातून भरपाई मिळत नाही. कंपनीवर मात्र दावा करता येतो, धोक्याचा इशारा दडवल्याबद्दल. अपाय कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. हजारो लोकांचे दावे एकाच कोर्टात जमा होत होते.

"आल्डो, तुमचं प्रकरण सरळ आहे," त्या म्हणाल्या. "मिस्टर लुओमा, तुम्ही राहता कुठे?"

"इथेच!" इर्मा मधेच म्हणाली. "माझ्या माडीवर. त्याच्या मोज्यांचा वास घ्यायचा तर चला वर."

"कागदावर कुठे?"

मेल्विनने पाकीट टेबलावर ठेवलं. गाडीचा परवाना मिशिगनचा. मतदान मिशिगनचं. शिकारीचा परवाना, आजारपणाच्या आधीच्या नोव्हेंबरचा, मिशिगनचा रहिवासी म्हणून, सहीनिशी.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मिशिगनमध्ये कायदा असा आहे की औषध खात्याने एकदा मंजूर केलेल्या गोळीसाठी कंपनीवर दावाच लावता येत नाही. कंपनीने खात्याला फसवलं असं खात्यानेच म्हटलं, तरच. आणि खातं तसं म्हणत नाही. देशात असा कायदा केलेलं हे एकच राज्य."

"म्हणजे तीच गोळी?" आल्डो म्हणाला. "तोच डॉक्टर, तेच दुकान? आणि याला झटका आला तो या टेबलापाशी, विस्कॉन्सिनमध्ये!"

"हो. पण पुलाच्या त्या बाजूचा माणूस म्हणून."

"तो त्या बाजूचा नाहीच मुळी!" आल्डो म्हणाला. "दोन वर्षांपासून माझं बेकन खातोय."

"मग त्यांनी शपथेवर सांगावं की मी हर्लीचा रहिवासी होतो," बाई म्हणाल्या. "पण हा कागद म्हणतो, नव्हतो. कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी तो काढेल. दोन सह्यांपैकी एक खोटी ठरणार. ज्यूरीला खोटी सही करणारा माणूस आवडत नाही."

मेल्विनने डाव्या हाताने शिकारीचा परवाना पाकिटात परत घातला. मग म्हणाला, "हरणासाठी केली होती सही."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "माझे वडीलही करायचे."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. सहानुभूती होती, प्रकरण मात्र घेता येणार नव्हतं. हे वकील जिंकले तरच वाटा घेतात, म्हणून जिंकण्यासारखंच घेतात. मेल्विनने आणखी दोन ठिकाणी विचारलं. एकाने फोनवर राज्य ऐकूनच आभार मानले. दुसऱ्याने कागद मागवले, सात महिने ठेवले आणि परत पाठवले. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत मेल्विनच्या झटक्याला तीन वर्षं भरली आणि दाव्याची मुदत संपली. त्या दिवशी काही घडलं नाही. इर्माने मटारचं सूप केलं होतं.

आल्डोचं प्रकरण त्याच वसंतात मिटलं. कोर्ट नाही, साक्ष नाही, पत्र लिहिणारा कोणी उभा राहिला नाही. कंपनीने चूक कबूल न करता तडजोड केली आणि आल्डोकडून लिहून घेतलं की याबद्दल कुठेही बोलणार नाही.

"किती मिळाले रे?" मेल्विनने सौनात विचारलं.

आल्डो तापलेल्या दगडांवर पाणी टाकत राहिला. "बोलायची बंदी आहे, मेव्हण्या."

"मलाही?"

"तुला सांगू नये असं नाव घालून लिहिलेलं नाही. पण कोणालाच सांगू नये असं लिहिलंय." मग म्हणाला, "निम्मे घे. इर्माशी बोललोय मी."

"ते तुझ्या हृदयाचे आहेत," मेल्विन म्हणाला. "माझ्या हाताबद्दल कोणी काही म्हणालेलंच नाही."

त्यानंतर काही महिने दोघं हवेवर बोलत, माशांवर बोलत. आल्डोच्या अंगणात एक नवी होडी आली. ती ताडपत्रीखाली झाकलेलीच असायची. मेल्विन बाहेर आला की आल्डो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला मेल्विन काठी टेकत पूल ओलांडून डॉटच्या दुकानात गेला. रांग होती, नारिंगी जाकिटं घातलेली. डॉटने त्याला बघून यंत्राकडे हात नेला. "मेलकाका! वाटलं नव्हतं याल. पत्ता तोच ना?"

"नाही. हर्ली. सिल्व्हर स्ट्रीट."

डॉटचा हात थांबला. मागचा एकजण हसला. "अरे मेल, वेडा झालास का? हर्लीचा कोण सांगतो?"

"काका, मग बाहेरच्याचा परवाना लागेल," डॉट हळू आवाजात म्हणाली. "फार महाग पडतो. आणि तुम्हाला बंदूक..." तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"दे."

त्याने डाव्या हाताने सही केली. लहान मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं आली. खालची बारीक ओळ त्याने या वेळी पूर्ण वाचली, तोपर्यंत रांग खोळंबून राहिली.

घरी आल्यावर त्याने परवाना टेबलावर ठेवला. आल्डोने चष्मा लावून तो पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. "आता काय उपयोग याचा?"

"काही नाही."

"मग?"

"मी इथे राहतो," मेल्विन म्हणाला. "एका तरी कागदावर असावं."

आल्डो बाहेर गेला आणि होडीची ताडपत्री उगाचच घट्ट बांधू लागला. पुलावर बर्फ काढणारा मोसमातला पहिला ट्रक आला होता. हद्दीशी पातं उचलल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. मेल्विनने तो ओळखला. त्याने मान वर केली नाही.