पडदा मी धुतला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आणि सांगतोय म्हणून माझ्याकडे दयेनं बघू नका. ते मला खपणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी हिंगणघाटच्या एका तेलगिरणीत फोरमन होतो. सरकीचं काळपट तेल कढईत तापवायचं, कॉस्टिक सोडा घालून साफ करायचं – तिथे माझं राज्य. सोड्यापायी थोडं चांगलं तेलही साबण होऊन तळाशी बसायचं. बसायचंच, त्यात काय एवढं?

मग रोहण्याचा सुधाकर आला, नवा केमिस्ट. त्यानं सोड्याशिवाय, नुसत्या पंपाच्या दाबानं तेल एका बारीक पडद्यातून गाळायचं काढलं. आम्ही हसलो. पण एका दुपारी नळीतून तेल आलं – फिकट, नितळ! शेठजींनी बाटली उन्हात धरली आणि सगळ्यांदेखत त्याला 'साहेब' म्हणाले. मला कधी म्हणाले होते?

काम झालं की पडदा धुवावा लागे. आमच्याकडे जे काही तेलकट होईल ते कॉस्टिकच्या कढत पाण्यानं धुवायची रीत. सुधाकर गावी जाताना बजावून गेला, "भाऊ, याले कास्टिक दाखवू पण नका. विरून जाईन. कोमट पाणी, बस."

चुकून झालं, असं म्हणता आलं असतं. रीतच होती ना? पण नाही – मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी कॉस्टिक घेतलं.

तो परतला त्याच दिवशी नागपूरची मोठी मंडळी बघायला आली. पडद्यातून काळंच तेल आलं. सुधाकर माझ्याकडे वळला.

"भाऊ, कायनं धुतलं होतं?"

"कोमट पाण्यानं."

"मंग माह्या पडद्यातच खोट असन. तुम्ही चुकणार नाई."

त्यानं गिरणी सोडली. आर्वीला किराण्याचं दुकान टाकलं, पुन्हा कशाला हात लावला नाही. मी गेलो की अजून चहा पाजतो. म्हणतो, "आपलं डोकंच त्या लायकीचं नव्हतं, भाऊ." आणि मी? मी चहा पितो.

पडदा चालला असता तर कढया बंद पडल्या असत्या; कढईवरच्या माणसांचं पोट वाचवलं, असं मी मनाला सांगत आलो. थाप आहे ती. मला त्या बाटलीचा राग आला होता, दुसरं काही नाही. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि कुणी दिलेली मला नकोही आहे.

पडद्यात खोट नव्हती. पडदा चांगला होता.