दोर हातातून घेणारा

जऊळक्याला आमची विहीर उन्हाळ्यात तळाला जायची. वडील स्टेशनवर हमाल. कापसाच्या गाठी वाहून घरी आले की ओसरीवर बसत आणि नुसतं "पाणी" म्हणत. दुसऱ्यांच्या वावरात दिवसभर राबलेली आई मग उठायची. दोरानं तिच्या तळहाताला असे घट्टे पडले होते, की भाकरी उलटताना चटका बसलेला तिला कळत नसे.

आमच्याकडे पुरुष दोराला हात लावत नाही. गावात एकानं बाळंतीण बायकोसाठी चार बादल्या शेंदल्या, तर गाव त्याला म्हातारपणीही 'पाणक्या' म्हणायचं. बाईसाठी दोर धरतो तो जीव जडलेलाच माणूस, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं.

पुढं शिष्यवृत्तीवर नागपूरला कॉलेजात गेले. आमच्याच जातीच्या एका मावशींकडे राहायचं, बदल्यात घरकाम करायचं. पहिल्याच सकाळी आडावर उभी होते, तर मावशींचा वकिली शिकणारा मुलगा आला आणि माझ्या हातातून दोर घेतला.

"राहू द्या. मी काढतो."

त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वेणी घालून आडावर जाऊ लागले.

सुट्टीत आईला सांगितलं. ती माझे तळहात उलटेपालटे करून पाहत राहिली.

"मानूस बरा दिसून राह्यला," ती म्हणाली. "पन पोरी, परीक्षा दे आधी."

बी.ए.च्या वर्षी मावशींच्या मुलानंच विषय काढला, तोही आडावरच. "माघात उरकून टाकू लग्न."

"अन् परीक्षा?"

"आता कशाला ती? आईच्यानं पाणी होत नाही, तुम्ही पडलात परक्या, म्हणून तर मी इतके दिवस शेंदतोय. तुम्ही घरच्या झालात की सुटलो."

ते हसून बोलले. मनाचे वाईट नव्हते. मीच बादलीकडे पाहून माणूस ओळखायला निघाले होते. त्यांच्या हातातून दोर घेतला आणि म्हटलं, "मी परीक्षा देणार. माघात नाही, अन् पुढंही नाही."

मावशींनी ऐकवलंच. "खेड्यातून आली, दोन बुकं शिकली, आता आमचा मुलगाही नको हिला. मग पाणी तरी भर."

दुसरीकडे राहायची सोय नव्हती. त्या घरचं सगळं पाणी परीक्षेपर्यंत मीच भरलं. पुस्तकावर डोकं टेकून झोपायचे. लिहिताना टाक घट्ट्यावर घासायचा. ते आडावर येईनासे झाले, आणि खरं सांगते, कधी कधी मी, ते उतरून यायचे त्या जिन्याकडे पाहायचे.

निकाल लागला तेव्हा फार आनंद झाल्याचं आठवत नाही. थकले होते. घरी गेले. आईच्या हातातला दोर घेतला. पास झाल्याचं सांगितलं.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली.