काटापूजनाचा सवाल

संपतमामा कापसाच्या ढिगात हात घालत तो थेट खांद्यापर्यंत. डोळे मिटून क्षणभर तसेच उभे राहत, मग हात काढून सदऱ्याला पुसत आणि म्हणत, "थंड हाय. चालू द्या." ओलसर कापूस ढिगात आतल्या आत तापतो, आणि वरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. परभणीजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ऊब मोजायचं यंत्र होतं, चांगलं महागातलं, पण मामांच्या हाताशिवाय कोणी मशीन सुरू करत नसे. मी तिथे कारकून म्हणून लागलो त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरून माझाही हात आत घातला. "काय वाटतंय, भाऊ?" मी म्हणालो, "काहीच नाही." "काहीच न्हाई म्हंजे चांगलं," ते म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे गेले.

मामा पोखर्णीचे. अंगानं शिडशिडीत, बोलायला मोजके. त्यांची बायको सुभद्रामामीही आमच्याकडेच कामाला. बाया दिवसभर नाकातोंडाला पदर बांधून ढिगातला कापूस मशीनपर्यंत ओढून आणत. गड्यांइतकीच धूळ खात, पण त्यांचा रोज शंभर रुपयांनी कमी. का, ते कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

आमच्याकडे हंगाम काटापूजनानं सुरू होई. कापसाची पहिली गाडी वजनकाट्यावर उभी राही, मोठे शेठ काट्याला हळदकुंकू लावत, आणि नारळ फोडायच्या आधी सगळे थांबत. मग मामा पुढे येत. सगळ्यांदेखत विचारत, "शेठ, यंदा माणसांचं काय?" शेठनी तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, रोज किती वाढवला ते. मग नारळ. ना कागद, ना सही. एकदा नारळ फुटला की वर्षभर दोन्हीकडून चकार शब्द काढायचा नाही. मामा बौद्ध, पूजेला हात जोडत नसत. मी एकदा त्यांना डिवचलं, "मामा, देव मानत नाही, मग पूजेत कशाला पुढे येता?" ते म्हणाले, "देव तुमचा, भाऊ. सवाल आमचा. आदी सवाल, मग नारळ."

एका वर्षी मोठे शेठ गडबडीत होते, त्यांनी सरळ नारळच उचलला. मामांनी त्यांचं मनगट धरलं. मालकाचं मनगट! शेठ ओशाळले, म्हणाले, "चुकलो रे संपत, विचार." त्या वर्षी वाढ बरी मिळाली. तेव्हा मालक असा होता आणि विचारणाराही असा होता.

मोठे शेठ गेले आणि पुण्यात शिकून आलेले धाकटे शेठ खुर्चीवर बसले. मी तोवर हिशेब, माणसं, सरकारी कागद असं सगळंच पाहत होतो. त्यांनी मला जनरल मॅनेजर केलं. पगार एकदम तिप्पट, गाडी, काचेची थंड केबिन. राणीसावरगावच्या शाळामास्तरचा पोरगा मी, हुरळून गेलो. स्वतःसाठी त्यांनी किती घेतलं ते तर मी टाईप केलं आणि कागद खणात उलटा ठेवला.

हंगामाच्या चार दिवस आधी मामा केबिनमध्ये आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आता मला 'साहेब' म्हणत.

"साहेब, तुमी मोठे झालाव, लय बरं वाटलं. मोठ्या पगाराची सावली बी मोठी पायजे बगा. यंदा गड्यांसाठी काय मागणार न्हाई मी. बायांचा रोज गड्यांएवढा करा, एवढंच म्हणणार हाय. तुमाला आदी सांगायलोय, म्हंजे शेठला चारचौघांत अवघड व्हायला नको."

मी हे धाकट्या शेठना सांगितलं. चहाडी म्हणून नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर विचारलं तर नाही म्हणता येणार नाही. तुमचा पगार काय उगाच वाढवलाय? काढा काहीतरी मार्ग." आणि मी काढला. मुहूर्त नऊचा होता. कामगारांचा टेम्पो आठला येई. मी म्हणालो, "पूजा सातला उरकून घेऊ." कोणी शिकवलं नव्हतं मला, माझीच अक्कल.

आठला टेम्पोतून माणसं उतरली तेव्हा काट्यावर खोबऱ्याचे तुकडे पडले होते. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. "मुहूर्त बदलला का, साहेब?" मी म्हणालो, "हो मामा, भटजींनी ऐनवेळी सांगितलं." बाया फाटकातच बसल्या, सगळ्यांत पुढे सुभद्रामामी. पोरं म्हणू लागली, मशीन सुरूच होऊ द्यायचं नाही. ते सुरू होऊ दिलं नसतं तर आठ दिवसांत शेठ वठणीवर आले असते, कापूस काय वाट बघत बसतो? पण मामाच आडवे आले.

"नारळ फुटलाय," ते म्हणाले. "नारळ फुटल्यावर आपण कधी तोंड उघडलं का? मग आज बी न्हाई. घोळ भटजीचा हाय, साहेबाचा न्हाई. उठा."

बाया उठल्या. मी काचेआड उभा होतो आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सबंध हंगाम बायांनी जुन्या रोजावर काढला. आता नोकरी सोडूनही बरीच वर्षं झाली. पण कुठेही लग्नाकार्यात नारळ फुटला की मी आधी मागे वळून बघतो, कोणी यायचं राहिलंय का. बायको म्हणते, "काय शोधताय?" काय सांगू तिला?

त्या हंगामानंतर पावसाळा सरता सरता मामांची छाती भरली. परभणीच्या दवाखान्यात मी मोसंबी घेऊन गेलो. धाप लागत होती तरी उठून बसले.

"यंदाचा मुहूर्त मला आदी कळवा, साहेब. मागल्या खेपेला भटजीनं घोळ केला अन् बायांचं राहून गेलं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "कळवतो, मामा." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. आठ दिवसांनी ते गेले.

मी भेटायला पोखर्णीला गेलो. सुभद्रामामींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. रडल्या नाहीत.

"आता सवाल मी टाकणार हाय," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला. मुहूर्त किती वाजताचा हाय, साहेब? ते म्हणले, दुसऱ्या कुणाला इचारू नको, साहेबालाच इचार. ते खोटं सांगायचे न्हाईत."

मुहूर्त मी तिथे जायच्या आदल्याच दिवशी ठरला होता. सकाळी सात.

"अजून ठरला नाही, मामी," मी म्हणालो, आणि त्यांनी दिलेलं पाणी सगळं प्यायलो.