समर्थला रेफर केलंय

१८ जुलै २०२४ रोजी सकाळी शुभांगी कातकाडे यांनी कुंदनच्या हातावर १,१५० रुपये ठेवले. घोटीजवळच्या गावातून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन संध्याकाळी परत यायचे, असे त्याच्या गाडीचे भाडे ठरले होते. लंकाबाईंच्या नातवाला तिथे दाखवायचे होते. गाडी त्यांच्या दारात उभी राहिली, तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितले, म्हातारी पहाटेच सुनेला आणि नातवाला घेऊन त्र्यंबकेश्वरला भावाकडे गेली.

कुंदनने थोडा वेळ वाट पाहिली. “ताई, पैसे दिलेत म्हणून मोकळीच फिरवून आणू का?” असे म्हणून खोळंब्याचे दीडशे कापून त्याने हजार परत केले.

नातवाचे नाव समर्थ, वय अडीच वर्षे. शुभांगीताई गावच्या अंगणवाडीच्या सेविका, स्वभावाने घायकुत्या. कुकरची वाफ जिरायच्या आधी झाकणाला हात घालणारी बाई, असे त्यांचे यजमान म्हणत. समर्थची आई सायली त्यांच्याकडे कितीदा तरी रडगाणे गायची, “ताई, हा ऐकतच नाय.” पोरगा हट्टी आहे, एवढाच अर्थ सगळ्यांनी घेतला, शुभांगीताईंनीही. जूनमध्ये एके दिवशी खिचडीचे रिकामे पातेले ओट्यावरून खाली आदळले. सगळी पोरे दचकली, दोघांनी भोकाड पसरले. समर्थ पाठमोरा बसून ठोकळे रचत राहिला. तेव्हा सायलीच्या वाक्याचा दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला.

अंगणवाड्यांतून मुले तपासत फिरणारे सरकारी पथक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आले. डॉक्टरांनाही तीच शंका आली. त्यांनी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या तपासणी केंद्रासाठी चिठ्ठी दिली आणि बजावले, की कानाचे जितके लवकर कळेल तितके बोलणे सोपे. वय निघून गेले की यंत्र लावूनही शब्द जड जातात. शुभांगीताई चिठ्ठी घेऊन तशाच लंकाबाईंकडे गेल्या. झेंडूच्या ढिगाशी बसलेल्या म्हातारीला उभ्याउभ्याच म्हणाल्या, “समर्थला रेफर केलंय. गुरुवारी जायचं.” लंकाबाई खाली मान घालून झेंडू निवडत राहिल्या. शुभांगीताईंनी तो होकार धरला.

कुलूप पाहून आल्यावर त्यांना काही सुचेना. सायलीचा फोन बंद. खिचडी खाली लागली. मदतनीस मीना म्हणाली, पोर त्यांचे, त्यांनाच नको असेल तर आपण किती मागे लागायचे. शुभांगीताई तिच्यावर खेकसल्या आणि मग स्वतःच तिला चहा करून दिला. तारीख पुन्हा मिळेलही, पण म्हातारीने पोराला महिनोन्महिने तिकडेच ठेवले तर? दुपारी त्यांनी समर्थच्या बापाला, ललितला, फोन लावला. तो अंबडच्या कारखान्यात कामावर होता. यंत्रांच्या आवाजात ओरडून सांगत होता, की आईला समजावले पण ती ऐकत नाही. मग बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, आमच्या अण्णांनाबी रेफर केलं होतं.”

अण्णा म्हणजे लंकाबाईंचे यजमान, गोटीराम. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखले म्हणून तालुक्यातल्या एका दवाखान्याने त्यांना नाशिकला धाडले होते. परत आले ते ॲम्ब्युलन्समधून, चादरीखाली. त्या बाजूला रेफर शब्दाचा अर्थ एकच: आमच्या हातात आता काही नाही, न्या. शुभांगीताईंच्या रोजच्या लिहिण्यातला हा शब्द. तो दारात टाकून त्या निघून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी त्र्यंबकेश्वरची बस धरली. भावाच्या फुलांच्या दुकानात लंकाबाई हार ओवत होत्या. समर्थ परडीत हात घालून बसला होता. शुभांगीताई शेजारी बसल्या आणि त्यांनीही सुईदोरा घेतला. फुले एकीकडे, दोरा एकीकडे.

“ठेवा ते,” लंकाबाई म्हणाल्या. “फुलांचा जीव घेताय माझ्या.”

“मावशी, तिथं त्याला ठेवून घेत नाहीत. सकाळी जायचं, कान तपासायचे, दिवेलागणीला घरी. झोपलेला लागतो तपासताना. तुम्हीच मांडीवर घेऊन बसा.”

लंकाबाईंची सुई थांबली. “हितं देवळाची घंटा वाजती. हा मान वळवीत नाय. मला ठाव हाय, ताई. पर तुमी रेफर म्हनला.”

“चुकलं माझं. दाखवून आणू, एवढंच म्हणायचं होतं.”

लंकाबाईंनी सुई पुन्हा फुलात घातली. “संध्याकाळी परत?”

“मी बरोबर आहे ना.”

पुढच्या गुरुवारी गाडी भरून गेली. तपासणीच्या वेळी झोप लागावी म्हणून समर्थला आदल्या रात्री जागवले होते, त्यामुळे वाटेत तो पेंगू लागला. त्याला जागे ठेवायला कुंदन हॉर्न वाजवत राहिला. समर्थची मान डोलतच राहिली. तपासणी लंकाबाईंच्या मांडीवरच झाली. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होते. अंधार पडायच्या आत सगळे घरी होते.

कानाची यंत्रे दिवाळीच्या सुमारास मिळाली. दर गुरुवारी बोलणे शिकवायला नाशिकला न्यावे लागते. पातेल्यावर झाकण आपटले की आता समर्थ वळून बघतो, पण शब्द अजून फुटलेला नाही. गुरुवारी गाडी सुटली की नाही हे पाहायला शुभांगीताई अंगणवाडी उघडण्याआधी रस्त्यावर येऊन उभ्या राहतात. लंकाबाई खिडकीतून हात हलवतात, तरी शुभांगीताईंचा जीव थाऱ्यावर येत नाही.

तपासणीच्या त्या पहिल्या फेरीचे भाडे ललितने पगार झाल्यावर दिले. आधीच्या खोळंब्याचे दीडशे लंकाबाई देणार होत्या, कारण पळाले मी, असे त्याच म्हणाल्या होत्या. ते दीडशे रुपये अजून येणे आहेत.