स्लाऊमधलं रोमन कलम

डॉक्टरकाका काल गेले. आज सकाळी काकूंनी त्यांच्याशी तीसेक वर्षं चाललेलं भांडण एका वाक्यात मिटवलं.

भांडण एका झाडावरून होतं. थांबा, आधीपासून सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ए-लेव्हल अर्धवट टाकून, बाबांशी भांडून, मँचेस्टरहून कोचने निघालो. जायचं होतं कॉर्नवॉलला. उतरलो लंडनजवळच्या स्लाऊला.

काका बाबांचे मित्र. सर्जन. म्हणाले, "राहा दोन दिवस." त्यांच्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, मी दोन हिवाळे काढले. दिवसा वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचो.

काका कट्टर नास्तिक. काकूंनी पुण्याहून मागवलेल्या पंचांगाच्या कॅलेंडरवर ते फक्त गाडीच्या वार्षिक तपासणीची, एमओटीची, तारीख लिहून ठेवायचे.

वेड एकच. रोमन लोकांची शेतीची पुस्तकं.

लिहिलेली दोन हजार वर्षांपूर्वी. काकांकडची प्रत व्हेनिसला छापलेली, साडेचारशे वर्षं जुनी. सुरुवातीची पानं गायब, आणि द्राक्षांच्या प्रकरणातून आरपार गेलेलं किड्याचं भोक. ते वाचायला काका इव्हनिंग क्लासला जाऊन लॅटिन शिकले. "प्रिस्क्रिप्शनं लिहून अर्धी येतेच रे," म्हणायचे.

त्यातला एक रोमन कोबीवर फिदा. पोट दुखलं, कोबी. जखम झाली, कोबी. मग आमच्याही ताटात रोज...

ते जाऊ दे. झाड.

काका-काकू भारतातून आले तेव्हा बेसिंगस्टोकला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. मागे सफरचंदाचं एक जुनं झाड. इतकं आंबट की पक्षीसुद्धा चोच लावायचे नाहीत. काकूंनी पहिला घास घेतला आणि ओरडल्या, "अहो, कैरी!"

तेव्हापासून दरवर्षी त्याचं लोणचं. घर सोडलं, स्लाऊला आले, तरी सप्टेंबरात पिशव्या घेऊन तिकडे फेरी ठरलेली.

आणि मग कळलं, तिथे कार पार्क होणार. झाड जाणार.

काकूंनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पुसायला घेतल्या. मी म्हणालो, "टेस्कोत मिळतात की कुकिंग ॲपल."

"तू जेव," काकू म्हणाल्या.

काकांनी पुस्तक उघडलं.

जानेवारीत आम्ही तिघं जाऊन कलमासाठी झाडाच्या काड्या कापून आणल्या. मी वर चढलेलो, खालून दोघं ओरडताहेत, "ती नको, ती!" काड्या ओल्या पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. थोड्याच दिवसांत तिकडे झाड पडलं. मार्चपर्यंत दोनच काड्या हिरव्या राहिल्या. त्या गेल्या की संपलं.

एका संध्याकाळी काका किचनमध्ये आले. उगाच चष्मा पुसला.

"अगं, अमावास्या कधी आहे?"

काकूंचं लाटणं थांबलं. "कोण विचारतंय?"

"पुस्तकात आहे. कलम अमावास्येला बांधावं. दुपारनंतर. दक्षिणेचा वारा नसताना."

खरंच होतं. त्या ओळीशेजारी कुणा जुन्या वाचकाने शाईने एक छोटासा हात काढला होता, बोट रोखलेला.

"मी सांगितलं की अंधश्रद्धा, आणि रोमन सांगतोय तर सायन्स?"

"एक्सपेरिमेंट म्हण."

"आणि अमावास्येला कुणी शुभ काम करतं का? दुसऱ्याच दिवशी पाडवा आहे. साडेतीन मुहूर्तांतला. पाडव्याला बांधा."

"रोमनांना पाडवा माहीत नव्हता."

"म्हणूनच बुडालं त्यांचं राज्य."

शेवटी वाटणी झाली. दोन कुंड्या, त्यांत खुंट म्हणून सफरचंदाची दोन रोपं. अमावास्येला काकांनी बांधलं, पाडव्याला काकूंनी. बाकी सगळं अगदी सारखं. खुंट चिरायचा, काडी सालीला साल लावून बसवायची, सुतळीने बांधायचं, वर माती आणि शेणाचा लेप. हा लेप काकांनी काकूंच्या परातीत मळला. त्यावर झालेला संवाद इथे लिहिण्यासारखा नाही.

थंडी पडली की कुंड्या शेडमध्ये, ऊन आलं की बाहेर, हे काम माझं. तेवढ्यात पावसाने कुंड्यांवरच्या "अमावास्या", "पाडवा" लेबलांची शाई धुऊन नेली.

मेमध्ये एकीला पालवी फुटली. दुसरी वाळली.

"पाडव्याचं!" काकू.

"अमावास्येचं!" काका.

मी पुढे खूप भटकलो. कॉर्नवॉल, स्पेन, मध्येच एक वर्ष ग्रीसला बोटींना रंग देत. पण कलमाचं झाड झालं, आणि जिथे असेन तिथे त्याच्या लोणच्याची बरणी पोचायची. झाकणावर काकूंच्या अक्षरात "पाडवा". ते खोडून, खाली काकांच्या अक्षरात "अमावास्या".

आज फोनवर मीच रडत होतो. काकू नाही.

"ऐक," म्हणाल्या. "झाड त्यांचंच. पालवी फुटल्यावर लेप मीच खरवडला होता, सुतळी मीच सोडली. हे ड्यूटीवर होते. आत गाठ होती ती ऑपरेशनवाली. मला कुठे येते तसली?"

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर भांडलो कशावरून असतो रे?"

काका, जिंकलात तुम्ही. यंदा बरणीवर काकू स्वतःच्या हाताने "अमावास्या" लिहिणार आहेत.

आता निवांत जा. नमस्कार.